मागील बाकी आणि आजची जमा

आपल्या व्यापारी घरांत दोन वाक्ये फार सहजपणे उच्चारली जातात. पहिले, ‘आपल्याला ते जमायचे नाही.’ दुसरे, ‘आपल्या कर्मातच नाही, तर काय करणार?’ पहिल्या वाक्यात भीती असते आणि दुसऱ्यात त्या भीतीवर चढवलेला धर्माचा मुलामा. पहिले वाक्य निदान प्रामाणिक असते. दुसरे अधिक घातक, कारण ते ऐकल्यावर समोरचा मान डोलावतो आणि विषय तेथेच संपतो.

बँकेच्या नोकरीत आयुष्याची तीन तपांहून अधिक वर्षे गेली. कर्जाचा अर्ज घेऊन येणारा माणूस कागद पुढे करण्याआधीच स्वतःविषयी काही तरी सांगून टाकतो. ‘साहेब, आम्ही कमी शिकलेले’, ‘आमच्या घरात नोकरदार कोणी झाला नाही’, ‘मोहाडीसारख्या गावात काय होणार?’ ही वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली की ती अर्जाच्या नमुन्यातच छापलेली असावीत असे वाटे. ताळेबंदात मालमत्ता असे, देणी असत. परंतु माणूस स्वतःवर लिहून ठेवतो ते देणे कोणत्याही रकान्यात दिसत नसे. व्यवसाय मात्र अनेकदा त्याच देण्याखाली दबलेला असे.

आमचे मोहाडी हे भंडारा-तुमसर मार्गावरील तालुक्याचे गाव. चौंडेश्वरी मातेचे देवस्थान, भोवताली धानाची शेती, पलीकडे तुमसरची धानाची बाजारपेठ, जवळच वरठीचा पोलाद कारखाना. मोहाडी-आंधळगाव परिसरातील कोष्टी समाजाच्या मागांवर करवतकाठी वस्त्र विणले जाते. अशा गावांत आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या किराणा, कापड, सराफी आणि धान्याच्या व्यवहारात आहेत. या घरांपुढे आज एक खरा प्रश्न उभा आहे. मुले शहरात जातात. मागे राहतो त्याला आपण मागे पडलो असे वाटते. गल्ल्यावर बसणारा बाप मुलाला सांगतो की, या धंद्यात आता काही राहिले नाही. सून वाणिज्य पदवीधर असते, पण दुकानाचा हिशेब तिच्या हाती येत नाही, कारण ‘आपल्यात तशी पद्धत नाही.’ एक चांगले चाललेले दुकान बंद पडायला स्पर्धक लागतोच असे नाही. घरातील चार माणसांचा स्वतःवरचा अविश्वासही त्यासाठी पुरेसा होतो.

या अविश्वासावर बाजारात आज पुष्कळ औषधे मिळतात. ‘तुम्ही काहीही करू शकता’ असे सांगणारी व्याख्याने आहेत, शिबिरे आहेत. त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु आपल्या परंपरेत या रोगाचे निदान फार खोलवर झालेले आहे आणि तेही एका उद्योजकाच्या कथेतून. ती कथा आपण ऐकलेली असते, फक्त आपल्या दुकानाशी जोडलेली नसते.

पाचशे दुकानांचा मालक आणि एक साधा प्रश्न

उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील सातवा सद्दालपुत्र. पोलासपूर नगराचा हा कुंभार. कुंभार म्हटल्यावर एक चाक आणि चार मडकी असे चित्र डोळ्यांपुढे येते. सद्दालपुत्र तसा नव्हता. नगराबाहेर त्याच्या मातीच्या भांड्यांची पाचशे दुकाने होती. तीन कोटी सुवर्णमुद्रांची संपत्ती होती : एक कोटी ठेव म्हणून, एक कोटी व्यापारात आणि एक कोटी घरसंसारात गुंतलेली. आजच्या भाषेत राखीव निधी, खेळते भांडवल आणि स्थावर-जंगम अशी नीटस विभागणी. पत्नीचे नाव अग्निमित्रा.

हा सद्दालपुत्र गोशालकाच्या आजीविक मताचा अनुयायी होता. त्या मताचा गाभा नियतिवाद : जे होते ते आधीच ठरलेले असते, उत्थान, कर्म, बल, वीर्य आणि पुरुषाकार-पराक्रम यांना अर्थ नाही. भगवान त्याच्या कर्मशाळेत उतरले असताना तो ओली भांडी उन्हात वाळत घालत होता. भगवंतांनी विचारले, ही भांडी कशी झाली? त्याने सांगितले, माती आणली, भिजवली, राख आणि शेण मिसळले, चाकावर चढवली, मग घट झाले. भगवंतांनी पुढे विचारले, हे पुरुषार्थाने झाले की पुरुषार्थावाचून? मताला जागून तो म्हणाला, पुरुषार्थावाचून. सारे नियत आहे.

मग भगवंतांनी दुसरा प्रश्न केला. कोणी ही भांडी चोरली, फोडली, किंवा तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले, तर तू काय करशील? सद्दालपुत्र म्हणाला, त्याला मारीन, बांधीन, प्राणही घेईन. भगवंत म्हणाले, सारे जर नियत असेल तर त्या माणसाने काही केलेच नाही. मग शिक्षा कोणाला आणि कशासाठी? त्या क्षणी त्या चतुर व्यापाऱ्याला आपल्या हिशेबातील तफावत दिसली. नुकसान झाले तर दुसऱ्याचा पुरुषार्थ खरा, आणि स्वतः करायची वेळ आली तर नियती खरी, अशी दोन वह्या ठेवण्याची पद्धत त्याने त्या दिवशी सोडली आणि श्रावकव्रत स्वीकारले.

वाचकहो, ही दुहेरी वही आपल्याकडेही असते. नोकराने उधारी वसूल केली नाही तर आपण त्याला ‘तुझ्या कर्मात नव्हते’ असे म्हणत नाही. ‘तू प्रयत्न केला नाहीस’ असे म्हणतो. नवीन व्यवसाय, नवीन शिक्षण, नवीन जबाबदारी यांची वेळ आपल्यावर आली की मात्र कर्म आठवते.

कर्म म्हणजे नशीब नव्हे

येथे मूळ गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जैन कर्मसिद्धान्त हा नशिबाचा सिद्धान्त नाही. तो हिशेबाचा सिद्धान्त आहे आणि हिशेब हा आपल्या रक्तातला विषय असल्यामुळे तो आपल्याला इतरांहून अधिक लवकर समजावा.

कर्मग्रंथांत कर्माच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत, त्यांना करणे म्हणतात. बंध, सत्ता, उदय, उदीरणा, उत्कर्षण, अपकर्षण, संक्रमण, उपशम, निधत्ति आणि निकाचित. पारिभाषिक शब्दांनी बिचकू नये. बँकेच्या भाषेत पाहू. बंध म्हणजे कर्ज उचलणे. सत्ता म्हणजे खात्यावर शिल्लक असलेले देणे. उदय म्हणजे हप्त्याची तारीख येणे. उदीरणा म्हणजे मुदतीपूर्वीच तपाने परतफेड करणे. उत्कर्षण आणि अपकर्षण म्हणजे मुदत व तीव्रता वाढणे किंवा घटणे, जसे कर्जाची पुनर्रचना होते. संक्रमण म्हणजे एका उपखात्यातील रक्कम त्याच मुख्य खात्याच्या दुसऱ्या उपखात्यात वळती होणे. उपशम म्हणजे काही काळ वसुलीला मिळालेली स्थगिती. निधत्तीत मुदत आणि तीव्रता तेवढी बदलू शकते, पण उदीरणा व संक्रमण होत नाही. निकाचित मात्र जसे बांधले तसेच फेडावे लागते.

उपमा उपमेपुरतीच घ्यावी. तरी एक गोष्ट ठळक दिसते : सत्तेतील कर्मावर आजचे भाव परिणाम करू शकतात. प्रारंभीची शिल्लक कालच्या वहीतून आली हे खरे. परंतु आजच्या पानावरची जमा आणि नावे आज लिहिली जातात. संवर म्हणजे नवे देणे थांबवणे, निर्जरा म्हणजे जुने फेडणे. या दोन तत्त्वांना नवतत्त्वांत स्थान आहे याचा अर्थच असा की, पुरुषार्थाला जागा आहे. ती नसती तर तप, सामायिक, प्रतिक्रमण या साऱ्याची गरजच काय होती?

आणखी एक बाब. आठ कर्मांत अंतराय नावाचे कर्म आहे. त्याचे पाच प्रकार : दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य यांतील अंतराय. व्यापारी माणसाला लाभांतराय चटकन आठवतो. दिवाळीला आपण वहीवर ‘लाभ’ लिहितो. वीर्यांतराय मात्र विस्मरणात जातो. वीर्य म्हणजे आत्म्याचे सामर्थ्य, करण्याची शक्ती. माझ्या अल्पमतीप्रमाणे, लाभ होत नाही अशी ज्यांची तक्रार असते त्यांपैकी अनेकांचा खरा अडथळा वीर्याच्या रकान्यात असतो. प्रयत्न पूर्ण बळाने झालेलाच नसतो आणि दोष बाजारावर टाकलेला असतो.

बहिरात्मा कोणाला म्हणावे?

‘मला जमणार नाही’ यातील ‘मी’ कोण, हा खरा अध्यात्माचा प्रश्न. आचार्य कुंदकुंदांच्या मोक्षपाहुडात आणि आचार्य पूज्यपादांच्या समाधितंत्रात आत्म्याच्या तीन अवस्था वर्णिल्या आहेत : बहिरात्मा, अंतरात्मा आणि परमात्मा. देहाला, देहाशी निगडित गोष्टींना जो ‘मी’ समजतो तो बहिरात्मा. मी गोरा, मी काळा, मी श्रीमंत, मी गरीब, असे म्हणणारा. या यादीत आणखी काही नोंदी घालाव्यात : मी गणितात कच्चा, मी लाजाळू, मी दहावी नापास, मी लहान गावचा.

या सर्व पर्यायांच्या नोंदी आहेत, द्रव्याच्या नाहीत. पर्याय क्षणोक्षणी बदलतो. जीवद्रव्याचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणणे आणि पाहणे. घातिकर्मांचा क्षय झाल्यावर प्रकट होणारे अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख आणि अनंत वीर्य हे बाहेरून येत नाही. आवरण दूर झाल्यावर जे आधीच होते तेच प्रकट होते. म्हणून आपल्याकडे ‘ज्ञानावरणीय’ असा शब्द आहे. ज्ञान झाकणारे कर्म, ज्ञान नष्ट करणारे नव्हे. मंदबुद्धी मानल्या गेलेल्या मुलाच्या आतही पूर्ण ज्ञानस्वभाव आहे हे ज्या धर्माने सांगितले, त्याच्या अनुयायांनी आपल्या मुलाला ‘ठोंब्या’ म्हणून हाक मारावी हे विसंगत आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कोणत्या कारणांनी कोणते कर्म बांधले जाते ते सांगितले आहे. दुसऱ्याच्या ज्ञानात विघ्न आणणे, ज्ञान लपवणे, त्याविषयी मत्सर करणे यांनी ज्ञानावरण बांधले जाते; विघ्न आणण्याने अंतराय बांधला जातो. मुलीचे शिक्षण थांबवणाऱ्या, सुनेच्या हातून वही काढून घेणाऱ्या, धाकट्या भावाला ‘तुझे काम नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय पुन्हा वाचावा. दुसऱ्याच्या मार्गातील अंतराय आपल्याच खात्यावर पडतो.

कुंभोजच्या भाऊरावांनी काय केले

हे सारे पोथीतच राहते काय? आपल्या महाराष्ट्रात, आपल्याच समाजातील एका घरात जन्मलेल्या माणसाने याचे उत्तर दिले आहे.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म जैन कुटुंबात झाला. कुंभोज म्हणजे बाहुबलीच्या डोंगराचे गाव. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. शाळेतील प्रगती बेताचीच. इंग्रजी सहावीच्या पुढे शिक्षण गेले नाही. आजच्या मोजपट्टीने एक अपयशी विद्यार्थी. ‘हा पुढे काय करणार?’ हा प्रश्न त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही पडला असणार.

तरुणपणी त्यांची एक कठोर परीक्षा झाली. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर मोठा दबाव आला. तुरुंग सोसला, पण खोटे बोलले नाहीत. सत्याणुव्रत पाठ करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्याची किंमत मोजणारे थोडे.

पुढे त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकले. साताऱ्याला नांगराच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. म्हणजे ते काही काळ आपल्याच वाटेचे, विक्री आणि उद्योगाच्या वाटेचे प्रवासी होते. या फिरतीत त्यांनी खेड्यातील मुले पाहिली. त्या मुलांना, त्यांच्या आईबापांना आणि साऱ्या गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : शिक्षण आपले काम नाही. ही समजूत कोणा एकाची नव्हती. ती पिढ्यांनी घडवली होती आणि गरिबी, जातिभेद, शाळांचा अभाव या खऱ्या भिंतींनी ती भक्कम केली होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले.

त्यांच्या पद्धतीचा कणा होता ‘कमवा आणि शिका’. मुलांनी शेतात काम करावे, श्रम करावेत आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा. वरवर पाहता ही आर्थिक योजना वाटते. बँकवाल्याच्या दृष्टीनेही ती चोख आहे, कारण अनुदानावर चालणारी संस्था अनुदान थांबताच बसते. परंतु तिचे खरे फळ निराळे होते. ‘मला जमणार नाही’ हे वाक्य भाषणाने पुसले जात नाही. हाताने काही घडवल्यावर पुसले जाते. ज्या मुलाने स्वतःच्या श्रमाने स्वतःची फी भरली, त्याला आपण कोणाच्या दयेवर आहोत असे वाटत नाही. सद्दालपुत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलांनी रोज दिले : हे पुरुषार्थाने झाले.

या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा विसरता येत नाही. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने गेले आणि अखेरीस मंगळसूत्रही गेले. परंपरेत वाढलेल्या त्या माउलीने सौभाग्याचे लेणे मुलांच्या भाकरीसाठी दिले. अपरिग्रहाचा याहून बोलका पाठ मला ठाऊक नाही. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. कार्य थांबले नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ज्या वसतिगृहात मुले भाकरी थापत होती, त्यातूनच बॅरिस्टर पी. जी. पाटील घडले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. आज तिच्या पारंब्या महाराष्ट्रभर आणि बाहेरही पसरल्या आहेत.

भाऊराव व्यासपीठावरून कर्मसिद्धान्त सांगत असत असा माझा दावा नाही. ते कर्ते पुरुष होते. परंतु प्रत्येक जीवात ज्ञानस्वभाव आहे, फक्त आवरण दूर करायचे आहे, या श्रद्धेने वागणारा माणूस कसा दिसेल याचे उत्तर मला त्यांच्या चरित्रात मिळते.

आपल्या लेकींची गोष्ट

दुसरे उदाहरण आपल्या घरांच्या अधिक जवळचे. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या कन्या कंकुबाई. त्या काळात तरुण वयात वैधव्य आले की ‘संपले’ हा निर्णय घरच देत असे. कोपऱ्यातील खोली, दोन वस्त्रे आणि मौन. परंतु माणिकचंदांनी मुलीला शिकवले, धर्मग्रंथांचा अभ्यास करू दिला. मगनबाईंनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी श्राविकाश्रम उभा केला, स्त्रियांची परिषद संघटित केली आणि आपल्यासारख्याच निराधार भगिनींना अक्षर, शिवण आणि शास्त्र शिकवले. कंकुबाईंनी त्या कार्यात साथ दिली. सोलापुरात श्राविका-शिक्षणाची ही परंपरा पुढे पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी वाढवली.

दोन धनिक व्यापाऱ्यांनी आपल्या मुलींच्या खात्यावर ‘बुडीत’ असा शेरा मारायला नकार दिला, त्याचे हे फळ. बँकेत एखादे खाते संशयित ठरवण्याआधी नियम तपासावे लागतात, मुदत पाहावी लागते. माणसाच्या बाबतीत आपण तो शेरा एका सायंकाळी मारून मोकळे होतो.

दोन सावधानता

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सर्व काही पुरुषार्थानेच होते तर! तेही एकांत आहे. आचार्य सिद्धसेन दिवाकरांच्या सन्मतितर्कात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ या पाच कारणांचा विचार आहे. त्यांपैकी एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व. पाचांचा समवाय मान्य करणे हे सम्यक्त्व. म्हणून ज्याचा धंदा बुडाला त्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सुनावू नये. दुष्काळ असतो, मंदी असते, आजारपण असते. आपल्या हाती पाचांपैकी एक कारण आहे. ते पूर्णपणे वापरावे आणि उरलेल्या चारांपुढे नम्र असावे. ‘मीच करतो’ हा अहंकार आणि ‘मला जमत नाही’ हा न्यूनगंड, दोन्ही पर्यायालाच ‘मी’ समजतात.

दुसरी सावधानता अधिक महत्त्वाची. प्रत्येक मर्यादा ही बेडी नसते. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण आहे, दिग्व्रत आहे. म्हणजे आपला धर्म स्वतःहून मर्यादा घालायला सांगतो. मग व्रताची मर्यादा आणि भीतीची मर्यादा यांत भेद कसा करावा? व्रत माणूस शुद्धीवर, गुरुसाक्षीने, शक्ती असताना घेतो. भीतीची मर्यादा नकळत अंगात मुरते आणि ती कोणी घातली हे आठवतही नाही. व्रताने मन हलके होते. भीतीने जड होते. ‘मी दुसरे दुकान काढणार नाही, कारण मला पुरेसे आहे’ असे म्हणणारा आणि ‘मी दुसरे दुकान काढणार नाही, कारण माझ्याने होणार नाही’ असे म्हणणारा, दोघांचे दुकान एकच असते. पहिला साधक आहे. दुसऱ्याने आपल्या भीतीला संतोष हे नाव दिलेले असू शकते, आणि ते फक्त त्यालाच तपासता येते.

अठ्ठेचाळीस मिनिटांचा लेखापरीक्षण

हे तपासण्याचे साधन आपल्या घरात आहेच : दोन घटिकांचे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक. सामायिकात आपण स्वाध्याय करतो, जप करतो. आठवड्यातून एकदा त्यातील काही वेळ आलोचनेसाठी द्यावा असे सुचवावेसे वाटते. मन स्थिर झाल्यावर स्वतःविषयीचे एक नकाराचे वाक्य समोर घ्यावे आणि त्याला चार प्रश्न विचारावेत.

पहिला : हे वाक्य प्रथम कोणी उच्चारले? पुष्कळदा ते आपले नसतेच. शिक्षकाचे, काकांचे, शेजाऱ्याचे असते. दुसऱ्याची हुंडी आपण स्वीकारून बसलेलो असतो.

दुसरा : हे द्रव्याविषयी आहे की पर्यायाविषयी? ‘मी भित्रा आहे’ यात ‘आहे’ हा शब्द चुकीचा आहे. ‘त्या प्रसंगी भीती वाटली’ हे खरे.

तिसरा : स्याद्वादाने हे वाक्य कसे लिहावे? द्रव्य, क्षेत्र, काल, भाव यांची अपेक्षा जोडावी. ‘मला इंग्रजी जमत नाही’ याचे रूप असे होईल : ‘अमुक वर्षी, अमुक शाळेत, अमुक पद्धतीने शिकताना मला इंग्रजी जमले नाही.’ वाक्य खरेच राहिले, पण दार उघडले. आपल्या आचार्यांनी दिलेला ‘स्यात्’ हा छोटा शब्द वादसभेइतकाच स्वतःच्या मनातही उपयोगी आहे.

चौथा : उद्या या संदर्भात मी एक लहान कृती कोणती करीन? भाऊरावांच्या मुलांनी आधी भाकरी थापली, मग पदवी घेतली. कृती लहान असावी, ठरलेल्या दिवशी व्हावी आणि वहीत नोंदावी. नोंदीशिवाय व्यवहार नाही हे आपल्याला सांगायला नको. एखाद्या भगिनीने दुकानाच्या महिनाभराच्या खरेदीचा हिशेब स्वतः जुळवून पाहावा. एखाद्या तरुणाने वस्तू-सेवा कराचे एक विवरणपत्र सल्लागाराशेजारी बसून स्वतः भरावे. एखाद्या ज्येष्ठाने मोबाईलवरून देयक भरायला नातवाकडून शिकावे. जमले तर जमा. नाही जमले तर कारण लिहावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा.

ज्यांचे मन दीर्घकाळ खचलेले असते, झोप नाहीशी होते, जगण्याची इच्छा उरत नाही, त्यांना मात्र केवळ स्वाध्याय सुचवून थांबू नये. त्यांना वेळीच वैद्याकडे न्यावे. ही दुर्बलता नाही. औषध घेणे हाही पुरुषार्थच आहे.

संवत्सरीच्या दिवशी आणि क्षमावाणीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. बाजारातील माणसाला, नातेवाइकांना, दूरच्या परिचितांना संदेश जातात. या वर्षी आपल्या घरातील मुलांसमोर, सुनेसमोर, धाकट्या भावासमोर बसून एक विशेष क्षमा मागता येईल : ‘तुला जमणार नाही, असे मी ज्या ज्या वेळी म्हणालो, त्याबद्दल मिच्छा मि दुक्कडं.’ आणि त्यानंतर वहीची किल्ली, निदान एका महिन्यासाठी, त्यांच्या हाती द्यावी.

जय जिनेंद्र.

(लेखक निवृत्त बँक अधिकारी असून मोहाडी, जि. भंडारा येथे राहतात.)